औद्योगिकीकरण

औद्योगिकीकरण : प्रामुख्याने शेती व हस्तव्यवसाय यांवर अवलंबून असलेल्या समाजाचे, यंत्रशक्तीच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर वस्तुनिर्मिती करणाऱ्या समाजात रूपांतर होण्याची अथवा करण्याची प्रक्रिया. या व्याख्येतील ‘होण्याची’ आणि ‘करण्याची’ हे दोन पर्याय महत्त्वाचे आहेत. इंग्लंडमध्ये हे रूपांतर बव्हंशी आपोआप घडत गेले. जर्मनी, जपान, रशिया व भारत या देशांत ते राज्यसंस्थेने कमीअधिक प्रमाणात हेतुतः घडवून आणावयाचे कार्य मानले गेले. मराठीत हा शब्द स्थिरावला तो मुख्यतः या दुसऱ्या अर्थाने. त्यामुळे तो इतिहासाच्या वर्णनाचा शब्द आहे, तसाच धोरणाचाही शब्द आहे. कोणत्या कामास उद्योग म्हणावयाचे व कोणत्या कामास म्हणावयाचे नाही, याचा एक निर्णय तो वापरणाऱ्याने नकळत आधीच घेतलेला असतो आणि या निर्णयाचे परिणाम हातमाग विणकर, यंत्रमागावरील मजूर व गिरणी कामगार यांना प्रत्यक्ष भोगावे लागले आहेत. म्हणून या शब्दाचा इतिहास हा केवळ भाषाशास्त्राचा विषय ठरत नाही.

‘उद्योग’ हा शब्द संस्कृत ‘युज्’ या धातूस ‘उद्’ हा उपसर्ग लागून झाला आहे. एखाद्या कार्यास सिद्ध होणे, झटणे, तयारी करणे हा त्याचा मूळ अर्थ. महाभारताच्या पाचव्या पर्वास उद्योगपर्व म्हणतात, ते त्यात युद्धाची सिद्धता वर्णिलेली आहे म्हणून. त्या पर्वात आजच्या अर्थाचा उद्योग शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. संस्कृत सुभाषितांतील उद्योगी पुरुष हा दैवावर विसंबून न राहणारा, प्रयत्नशील पुरुष होय. तो कारखानदार नव्हे. मराठीने हा अर्थ उचलला आणि त्यास पोट भरण्याच्या कामाचा, व्यवसायाचा अर्थ जोडला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कामधंदा व प्रयत्न हेच उद्योगाचे अर्थ आढळतात. बोलीत हा जुना अर्थ अजून पूर्णपणे जिवंत आहे. ‘नसता उद्योग’, ‘हे काय उद्योग चालविले आहेत ?’ यांसारख्या प्रयोगांत किंवा खोडकर मुलास ‘उद्योगी’ म्हणण्यात यंत्राचा वा भांडवलाचा काही संबंध नसतो.

उद्योग या नामास ‘इक’ प्रत्यय लागून ‘औद्योगिक’ हे विशेषण होते. त्यापुढील घडण मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे हा अर्थ दाखविण्यासाठी संस्कृत व्याकरणात ‘च्वि’ नावाचा प्रत्यय सांगितला आहे. तो स्वतः लोप पावतो, परंतु आधीच्या शब्दातील अंत्य अकाराचा ईकार करून जातो. या नियमाने औद्योगिक या शब्दापासून ‘औद्योगिकीकरण’ आणि उद्योग या शब्दापासून ‘उद्योगीकरण’ ही रूपे सिद्ध होतात. वृत्तपत्रांतून व फलकांवरून सर्रास दिसणारे ‘औद्योगिकरण’ हे रूप व्याकरणदृष्ट्या सदोष आहे. ‘राष्ट्रीयीकरण’ या शब्दाचे ‘राष्ट्रीयकरण’ होते, तसाच हा प्रकार. हिंदीत ‘औद्योगीकरण’ हे रूप अधिक रुळले आहे. येथे प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा असता, तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु त्या ईकारात अर्थ आहे. जे औद्योगिक नव्हते ते औद्योगिक झाले, असे हा शब्द सांगतो. म्हणजेच आरंभीची स्थिती उद्योगविरहित होती असे तो गृहीत धरतो. अठराव्या शतकातील भारताविषयी हे गृहीत कितपत खरे, हा भारतीय आर्थिक इतिहासातील एक प्रमुख वादविषय आहे.

वस्तुनिर्मितीच्या मोठ्या स्थळास मराठीत पूर्वीपासून ‘कारखाना’ हा फार्सी शब्द आहे. मात्र मराठेशाहीतील अठरा कारखाने म्हणजे पीलखाना, जामदारखाना, तोफखाना यांसारखी राज्यकारभाराची खाती होत. त्यांपैकी काहींत वस्तू तयार होत, काहींत नुसत्या जतन केल्या जात आणि कारखानीस हा त्यांचा हिशेबनीस असे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार जे करीत त्यास काम, धंदा अथवा कसब म्हणत. ‘उद्योगधंदे’ हा आजचा जोडशब्द या दोन निराळ्या परंपरांना एकत्र बांधतो. तथापि त्यातील दुसरा घटक पुढे उत्तरोत्तर दुबळा होत गेला.

युरोपीय भाषांतही असाच अर्थबदल घडला. लॅटिनमधून आलेला ‘इंडस्ट्री’ हा इंग्रजी शब्द आधी परिश्रमशीलता या मानवी गुणाचा वाचक होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वस्तुनिर्मितीच्या क्षेत्रास लावला जाऊ लागला आणि गुणाचा शब्द संस्थेचा शब्द बनला. रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या बदलाकडे लक्ष वेधले. फ्रान्समध्ये सेंट-सायमन यांनी १८२० नंतरच्या दशकात ‘उद्योगी वर्ग’ या संज्ञेत शेतकरी, कारागीर, कारखानदार व व्यापारी या सर्वांचा समावेश केला होता. उत्पादन करणारा तो उद्योगी, असा त्यांचा व्यापक अभिप्राय होता. तो पुढे टिकला नाही. ‘औद्योगिक क्रांती’ ही संज्ञा फ्रेंच लेखकांकडून व एंगेल्सच्या १८४५ मधील ग्रंथातून पुढे आली आणि आर्नल्ड टॉयन्बी यांची व्याख्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती इंग्रजीत सर्वतोमुखी झाली. जपानने मेजी काळात ‘शोकुसान कोग्यो’, म्हणजे उत्पादन वाढवा व उद्योग उभारा, ही घोषणा स्वीकारली. १८७० मध्ये तेथे स्थापन झालेले सार्वजनिक बांधकाम मंत्रालय व १८७२ मधील तोमिओका येथील सरकारी रेशीम कारखाना ही तिची दृश्य फळे होत. रशियात साम्यवादी पक्षाच्या १९२५ मधील चौदाव्या अधिवेशनानंतर व १९२८ पासूनच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेमुळे या शब्दास पोलाद, वीज व यंत्रनिर्मिती या अवजड उद्योगांचा रंग चढला. भारतीय नियोजनकारांपुढे हा रशियन नमुना होता आणि जपानी नमुनाही होता.

औद्योगिकीकरण व यांत्रिकीकरण यांत भेद करणे आवश्यक आहे. कोळपी जाऊन ट्रॅक्टर आला, तर ते शेतीचे यांत्रिकीकरण होय. तेवढ्याने त्या प्रदेशाचे औद्योगिकीकरण झाले असे होत नाही. नागरीकरण बहुधा औद्योगिकीकरणाच्या बरोबरीने येते, पण कारखान्यांवाचून वाढलेली शहरेही पुष्कळ आहेत. औद्योगिक विकास ही संज्ञा उत्पादनातील वाढ दाखविते, तर औद्योगिकीकरणात समाजाच्या रचनेतील बदल अभिप्रेत असतो. कॉलिन क्लार्क यांनी १९४० मध्ये प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक क्षेत्रांची विभागणी रूढ केली. तेव्हापासून द्वितीयक क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नातील व रोजगारातील वाटा हे औद्योगिकीकरणाचे सोयीचे माप बनले. सोयीचे खरे, पण ते फसवेही ठरू शकते. गोव्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढली आणि ‘खाणउद्योग’ या नावाने ती ओळखली गेली, परंतु त्या खनिजाचे पोलाद जपानसारख्या देशांत होत असे. खाणीस उद्योग म्हणता येते. त्या प्रदेशाचे औद्योगिकीकरण झाले, असे त्यावरून म्हणता येत नाही. याउलट पेइ-कांग चांग या चिनी अर्थशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये औद्योगिकीकरणाच्या कल्पनेत शेतीच्या आधुनिकीकरणाचाही अंतर्भाव केला. प्रस्तुत लेखकाच्या मते शब्दाच्या मूळ अर्थाशी ही व्यापक कल्पनाच अधिक सुसंगत आहे.

भारतात रेल्वे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे अशी सुरू झाली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने रेल्वे ही भारतातील आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल, असे भाकीत न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात केले होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात उभी राहिली. परंतु रेल्वेची एंजिने दीर्घकाळ मुख्यतः ब्रिटनमधूनच येत राहिली आणि लोहमार्गांनी विलायती कापड खेडोपाडी नेऊन पोहोचविले. या विसंगतीचा शास्त्रीय विचार प्रथम ज्यांनी केला, त्यांत महादेव गोविंद रानडे अग्रगण्य होत. १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेच्या निमित्ताने आणि त्यानंतर १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी आपली भूमिका मांडली. शेती, उद्योग व व्यापार या तिन्हींचा समतोल साधल्याशिवाय राष्ट्राची आर्थिक उन्नती होत नाही, हे त्यांचे सूत्र होते. कारागिरी बुडून लोक पुन्हा जमिनीवर लोटले जात आहेत, देशाचे एक प्रकारे ‘ग्रामीणीकरण’ होत आहे, हे त्यांचे निदान होते. ज्या काळी औद्योगिकीकरण हा शब्द मराठीत रुळलाही नव्हता, त्या काळी त्याच्या उलट प्रक्रियेस रानड्यांनी नाव दिले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यानंतर स्वदेशीच्या चळवळीने उद्योग या शब्दास देशकार्याचे तेज दिले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्या निर्मितीचा व्याप वाढवून १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. या उद्योगांचे गिऱ्हाईक शेतकरी व सामान्य गृहस्थ होते. शेती एका बाजूस व उद्योग दुसऱ्या बाजूस, असा भेद त्यांच्या व्यवहारात नव्हता. टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६–१८) सरकारने उद्योगवाढीत सक्रिय भाग घ्यावा अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य मदनमोहन मालवीय यांनी आपल्या विस्तृत स्वतंत्र टिपणीत, भारत हा पूर्वापार केवळ शेतीप्रधान देश होता ही समजूत खोडून काढली. धनंजयराव गाडगीळ यांच्या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय औद्योगिक उत्क्रांतीवरील इंग्रजी ग्रंथात कारखान्यांबरोबरच हस्तव्यवसायांचा ऱ्हास, शेतीतील स्थित्यंतर व शहरांची वाढ यांची सविस्तर चर्चा आहे. हा ग्रंथ अनेक पिढ्या पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. त्याने ‘औद्योगिक’ या विशेषणाची कक्षा जेवढी रुंद ठेवली, तेवढी ती नंतरच्या शासकीय लेखनात राहिली नाही.

१९३४ हे वर्ष या शब्दाच्या इतिहासात दोन कारणांनी उल्लेखनीय आहे. त्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था सुचविणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. औद्योगिकीकरण करा, नाहीतर नाश ओढवेल, अशा आशयाचे त्यांचे आग्रही प्रतिपादन सर्वश्रुत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख संघटक झाले. घाणा, हातकागद, मधमाशापालन यांना ‘उद्योग’ म्हणून संघाने त्या शब्दाचा जुना अर्थ जणू परत मिळविला. यापुढे एकाच भाषेत एकाच नामाचे दोन संसार सुरू झाले : ‘ग्रामोद्योग’ हा एक आणि ‘औद्योगिकीकरण’ हा दुसरा. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीत हे दोन्ही पक्ष समोरासमोर आले आणि कुमारप्पा लवकरच समितीतून बाहेर पडले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ व १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावांनी आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रारूपावर आधारलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने (१९५६–६१) अवजड उद्योगांस अग्रक्रम दिला. दैनंदिन गरजेच्या वस्तू व रोजगार यांचा भार मात्र बराचसा ग्रामोद्योगांवर व लघुउद्योगांवर टाकण्यात आला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे (१९५५) अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे हे होते. कापडाच्या वाढत्या मागणीचा लाभ हातमागास मिळावा म्हणून गिरण्यांची विणाई मर्यादित ठेवावी, असे त्या समितीने सुचविले. हेतू स्वच्छ होता, परंतु फळ निराळे निघाले. गिरणी व हातमाग यांच्यामधील मोकळ्या जागेत यंत्रमाग शिरला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्येच तो आणला होता. आता मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी या गावांतून त्याचा प्रचंड प्रसार झाला. गिरण्यांतून मोडीत निघालेले माग विकत घेऊन घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालविले जाऊ लागले. ग्रामोद्योगाच्या व्याख्येत हा धंदा बसत नव्हता आणि मोठ्या उद्योगाच्या व्याख्येतही बसत नव्हता.

कायद्याच्या दृष्टीनेही तो पुष्कळदा अदृश्य राहिला. यंत्रशक्ती वापरणाऱ्या किती कामगारांच्या जागेस कारखाना म्हणावे, याची मर्यादा १८८१ च्या अधिनियमात १०० होती. १८९१ मध्ये ती ५०, १९२२ मध्ये २० व १९४८ मध्ये १० अशी उतरत गेली. संख्या उतरली तसे संरक्षण अधिक कामगारांपर्यंत पोहोचावयास हवे होते. प्रत्यक्षात अनेक मालकांनी माग लहान लहान शेडमध्ये, वेगवेगळ्या नावांवर वाटून घेतले आणि बारा-बारा तास मागावर उभा राहणारा मजूर कारखान्याबाहेरच राहिला. पुढील काळात ही मर्यादा पुन्हा वर नेण्यात आली. औद्योगिकीकरणाची आकडेवारी नोंदणीकृत कारखान्यांवरून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे लागते.

महाराष्ट्रात या शब्दास आणखी दोन वळणे लागली. पहिले सहकारी साखर कारखान्यांचे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रवरानगर येथे स्थापन झालेल्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये पार पडला. यशवंतराव चव्हाण यांनी ‘कृषि-औद्योगिक समाज’ ही कल्पना रूढ केली, ती याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. शेती व उद्योग यांमधील आडवी रेघ पुसण्याचा हा मराठीतील महत्त्वाचा प्रयत्न होय. उसापुरता तो बराच यशस्वी झाला, कोरडवाहू पिकांपर्यंत तो तितकासा गेला नाही. दुसरे वळण औद्योगिक वसाहतींचे. १९६१ च्या अधिनियमान्वये १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जमीन संपादून, रस्ते, पाणी व वीज पुरवून उद्योजकांस भूखंड देण्याचे कार्य त्याने हाती घेतले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मिळून झालेला ‘एमआयडीसी’ हा शब्द आता सामान्यनाम बनला आहे. ‘आमच्या तालुक्यात एमआयडीसी झाली’, ‘तो एमआयडीसीत जातो’ असे लोक सहज म्हणतात. प्रक्रियेचा वाचक असलेला शब्द येथे एका कुंपण घातलेल्या जागेचा वाचक झाला. एखाद्या भागाचे औद्योगिकीकरण झाले म्हणजे तेथे वसाहत मंजूर झाली, असा अर्थ लोकव्यवहारात व राजकीय भाषणांत त्यामुळे दृढ झाला. ओस पडलेल्या भूखंडांच्या वसाहतीही या अर्थाने औद्योगिकीकरणात मोडतात, हे या संकोचाचे विचित्र फळ होय.

च्वि प्रत्ययाच्या संदर्भात वर उल्लेखिलेला वाद इतिहासकारांत दीर्घकाळ चालला आहे. रमेशचंद्र दत्त यांनी १९०२ व १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्थिक इतिहासाच्या दोन खंडांत हस्तव्यवसायांच्या नाशाचे चित्र रेखाटले. डॅनिएल थॉर्नर यांनी १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांची छाननी करून, त्या पन्नास वर्षांत तरी उद्योगावर जगणाऱ्यांच्या प्रमाणात फारशी घट दिसत नाही, असे दाखविले. मात्र वस्तू बनविणारा कारागीर ती स्वतःच विकत असल्यामुळे जनगणनेत निर्माता व विक्रेता यांची सरमिसळ झाली होती, हेही त्यांनी निदर्शनास आणले. अमियकुमार बागची यांनी १९७६ मध्ये बिहारमधील गंगाकाठच्या जिल्ह्यांचे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे सर्वेक्षण व १९०१ ची जनगणना यांची तुलना केली. तीवरून उद्योगावर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आल्याचे अनुमान त्यांनी काढले. तीर्थंकर राय यांच्या मते कारागिरी नष्ट होण्याऐवजी बदलली. पश्चिम भारताच्या बाबतीत या मतास बराच आधार आहे. तेलंगणातून सोलापुरास आलेले पद्मशाली आणि उत्तरेतून मालेगाव-भिवंडीस आलेले मोमीन विणकर यांनी हातमागाचे नवे गाव उभे केले व पुढे तेच यंत्रमागाचेही गाव झाले. सूत कातणाऱ्या स्त्रियांचा व्यवसाय मात्र गिरणीच्या सुतापुढे जवळजवळ सर्वत्र बुडाला. त्या घरी बसून कातीत असल्यामुळे त्यांना कामगार म्हणून कोणी गणलेच नव्हते आणि म्हणून त्यांची हानीही आकड्यांत नीट उमटली नाही.

या उलट्या प्रक्रियेस मराठीत ‘निरुद्योगीकरण’ व ‘वि-औद्योगिकीकरण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ‘निरुद्योगी’ या जुन्या शब्दाची छटा मिसळते व आळशीपणाचा भलताच आभास होतो. म्हणून दुसरा अधिक इष्ट होय. वसाहतकाळापुरता मर्यादित असलेला हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रगत देशांतील कारखाने बंद पडू लागल्यावर नव्या संदर्भात वापरला जाऊ लागला. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बहुतेक गिरण्या पुढे टप्प्याटप्प्याने बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींच्या विक्रीस व पुनर्विकासास वाट करून दिली. परळ, लालबाग, वरळी या भागांस ‘गिरणगाव’ हे नाव अजून आहे, पण तेथे आता मुख्यतः कार्यालये, बाजारसंकुले व उंच निवासी इमारती आढळतात. काम गेलेल्यांपैकी काही कापडाकडेच परतले, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर. मात्र गिरणीतील पगार व कामाची शाश्वती त्यांना तेथे मिळाली नाही. कापडाचे उत्पादन पाहता देशात तो उद्योग वाढत होता, कामगाराच्या स्थितीवरून पाहता तो मागे जात होता आणि दोन्ही गोष्टी एकाच दशकात खऱ्या होत्या. डॅनी रॉड्रिक यांनी २०१५ च्या सुमारास, अनेक विकसनशील देशांत पुरेसे उत्पन्न गाठण्यापूर्वीच कारखानी रोजगाराचा वाटा घटू लागतो, या घटनेसाठी ‘अकाली वि-औद्योगिकीकरण’ ही संज्ञा रूढ केली. भारतात वस्तुनिर्माण क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा अनेक दशके साधारणतः सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या आसपासच घोटाळत राहिला असल्यामुळे, ही संज्ञा येथील अर्थशास्त्रीय लेखनातही आता नित्य आढळते.